रुडॉल्फ डिझेल: इंजिन त्याचं, पण गाडीत आलं ते पंपामुळे

डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण त्याच्या गोष्टीतली एक गंमत सहसा कुणी सांगत नाही. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन सगळ्यांसमोर व्यवस्थित चालून दाखवलं गेलं १८९७ साली. डिझेलवर चालणारी कार सामान्य ग्राहकाला विकत मिळू लागली १९३६ साली. म्हणजे मध्ये तब्बल ३९ वर्षं गेली.

एवढा वेळ हे इंजिन होतं कुठे? कारखान्यात, वीजघरात, जहाजात. गाडीत बसण्याएवढं ते लहानच होईना. आणि त्याचं मुख्य कारण होतं इंधन. टाकीतलं तेल सिलिंडरच्या आत नेमकं, वेळेवर आणि दाबाने पोचवायचं कसं, हा प्रश्न रुडॉल्फच्या हयातीत नीट सुटलाच नाही.

आज आपण मोबाइलवर सर्च करून लिफ्ट पंपांची तुलना करतो: कुठला इलेक्ट्रिक पंप चांगला, किती प्रेशरचा घ्यायचा, टाकीतला की बाहेरचा. ही तुलना समजून करायची असेल, तर आधी या माणसाची गोष्ट बघू. पंपांकडे शेवटी येऊच.

कारागिराचा मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील मात्र जर्मन. वडील थिओडोर मूळचे ऑग्सबर्गचे, चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. छोटा धंदा, बेताची कमाई. वडिलांनी बनवलेला माल हातगाडीवरून गिऱ्हाइकांकडे पोचवायचं काम लहानग्या रुडॉल्फकडे असायचं. वेळ मिळाला की तो पॅरिसच्या तंत्रज्ञान संग्रहालयात जाऊन जुनी यंत्रं बघत बसायचा.

१८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मन लोकांना शहर सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे सगळ्यांचं पोट भरणं कठीण होतं, म्हणून १२ वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. ज्यांच्या घरी तो राहिला ते काका गणिताचे शिक्षक होते. इथे त्याच्या आयुष्याला वळण लागलं. लहान वयातच त्याने ठरवून टाकलं की आपण इंजिनीअर व्हायचं.

पुढे स्कॉलरशिप मिळवून तो म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये गेला. तिथे त्याला शिकवायला कार्ल फॉन लिंडे होते, म्हणजे आधुनिक रेफ्रिजरेशनचा पाया घालणारा माणूस. टायफॉइडमुळे रुडॉल्फची शेवटची परीक्षा हुकली. मधल्या काळात त्याने स्वित्झर्लंडमधल्या सुल्झर कारखान्यात प्रत्यक्ष मशीनवर काम केलं आणि १८८० च्या जानेवारीत परीक्षा दिली. निकाल उत्कृष्ट लागला. लगेच लिंडेंच्याच कंपनीत, पॅरिसला, बर्फ बनवणाऱ्या यंत्रांच्या कामावर तो रुजू झाला.

सायकलच्या पंपाएवढी सोपी कल्पना

लिंडेंच्या वर्गात त्याने एक गोष्ट ऐकली होती, ती त्याच्या डोक्यातून जाईना. वाफेच्या इंजिनात कोळशातली जवळजवळ ९० टक्के उष्णता वाया जाते. त्यातही वाफेचं इंजिन परवडायचं ते मोठ्या कारखान्यालाच. बॉयलर, चिमणी, कोळसा टाकायला माणसं, हा सगळा बारदाना छोट्या कारागिराला कसा झेपणार? त्याच्या वडिलांसारखे लोक मोठ्या कारखान्यांपुढे टिकायचे असतील, तर त्यांना स्वस्तात चालणारं, छोटं इंजिन हवं. रुडॉल्फच्या डोक्यात इंजिनाबरोबर हा माणूसही होता. पुढे १९०३ साली त्याने कामगारांनी एकत्र येऊन स्वतःचे उद्योग कसे चालवावेत यावर एक पुस्तकही लिहिलं.

इंजिनाची कल्पना सायकलच्या पंपावरून चटकन कळते. हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम लागतं, कारण हवा दाबली की तापते. रुडॉल्फने विचार केला, ही हवा इतकी दाबूया की ती साधारण ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाईल. मग त्या तापलेल्या हवेत इंधन सोडलं की ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, स्पार्क प्लग नको. आणि हवा जितकी जास्त दाबाल, तितकं त्याच इंधनातून जास्त काम निघेल.

१८९२ च्या फेब्रुवारीत त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. ऑग्सबर्गच्या मशीन कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ त्याच्या मागे उभे राहिले. क्रुप या बड्या पोलाद कंपनीनेही पैसा लावला.

चार वर्षांची झटापट

१० ऑगस्ट १८९३. पहिली चाचणी. आत इंधन पेटलं खरं, पण दाब इतका वाढला की दाब मोजायचं उपकरणच फुटलं आणि त्याचे तुकडे उडाले. रुडॉल्फ थोडक्यात वाचला. इंजिन काही स्वतःच्या ताकदीवर चाललं नाही, पण नुसत्या दाबाने इंधन पेटतं एवढं सिद्ध झालं.

१७ फेब्रुवारी १८९४ ला इंजिन पहिल्यांदा स्वतःहून फिरलं. किती वेळ? सुमारे एक मिनिट.

त्यानंतर आणखी तीन वर्षं गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी इंजिनाची रीतसर चाचणी घेतली. एका सिलिंडरचं, सुमारे २० हॉर्सपॉवरचं ते इंजिन इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्क्यांचं कामात रूपांतर करत होतं. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त! जगभरातून लायसन्स घ्यायला लोक आले. वयाच्या चाळिशीच्या आतच रुडॉल्फ लखपती झाला.

अडलं ते थेंबभर तेलाने

आता मूळ मुद्द्याकडे येऊ.

हवा आधीच प्रचंड दाबलेली आहे. त्यात इंधन घुसवायचं तर त्याहून जास्त दाब हवा. शिवाय इंधन मोजून सोडायचं, धुक्यासारखं बारीक फवारायचं आणि नेमक्या क्षणी थांबवायचं.

हे किती नाजूक काम आहे याचा अंदाज आजच्या गाडीवरून घ्या. दीड लिटरच्या चार सिलिंडर कारमध्ये, इंजिन पूर्ण जोरात असताना, एका सिलिंडरमध्ये एका वेळी जाणारं डिझेल जेमतेम पाण्याच्या थेंबाएवढं असतं. गाडी नुसती उभी राहून आयडल चालू असेल, तर त्या थेंबाच्या साधारण दहाव्या भागाएवढं. ३००० आरपीएमला हे काम प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा होतं, आणि दर वेळी हातात असतात एक-दोन मिलिसेकंद.

१८९० च्या दशकात इतक्या बारकाईने काम करणारा पंप बनवणं कुणालाच जमत नव्हतं. रुडॉल्फने सुरुवातीला इंधन थेट ढकलायचा प्रयत्न करून पाहिला, पण धड जमेना. शेवटी त्याने दुसरा मार्ग काढला. इंजिनासोबत एक वेगळा कॉम्प्रेसर बसवायचा, त्यात हवा साधारण ६० ते ७० बारपर्यंत दाबायची आणि त्या हवेच्या झोतानेच तेल सिलिंडरमध्ये फुंकायचं. कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार हवा असते, यावरून हा दाब किती ते बघा.

युक्ती उत्तम चालली. फवारा छान व्हायचा, इंधन नीट जळायचं. पण त्याची किंमत मोजावी लागली. कॉम्प्रेसर जड, महाग, नाजूक. तो चालवायला इंजिनाचीच काही ताकद खर्च व्हायची. त्याला थंड ठेवायला वेगळी सोय लागायची. कारखान्यात किंवा जहाजात हे सगळं बसवता येतं. छोट्या कारागिराच्या दुकानात किंवा गाडीच्या बॉनेटखाली नाही.

तेव्हा दुसऱ्या वाटेने जाणारेही होते. इंग्लंडमधले हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांनी रुडॉल्फच्या आधी, १८९० मध्येच, पंपाने तेल सोडणारं इंजिन पेटंट केलं होतं. त्यात हवा कमी दाबलेली असायची आणि तेल पेटायचं ते बाहेरून तापवलेल्या एका गरम भांड्यामुळे. पंपावर ताण कमी, इंजिन साधं, पण इंधनाची बचत रुडॉल्फच्या इंजिनाएवढी नाही. खरा शोधक कोण, यावर वाद घालणारे आजही सापडतात. आजच्या इंजिनात दोघांचाही अंश आहे: जास्त दाब रुडॉल्फचा, आणि हवेच्या झोताशिवाय पंपाने तेल सोडणं अक्रॉइड स्टुअर्टच्या वाटेचं.

इंजिन मोठ्यांचं झालं

सुरुवातीला विकलेल्या इंजिनांनी रुडॉल्फला चांगलाच घाम फोडला. १८९८ साली केम्पटेन गावच्या काडेपेटीच्या कारखान्यात पहिलं व्यावसायिक इंजिन बसवलं, तेही सारखं कटकट करायचं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी, पेटंटचे वाद, धावपळ या सगळ्याने त्याची तब्येत ढासळली. त्याच वर्षी त्याला काही काळ सॅनेटोरियममध्ये राहावं लागलं.

हळूहळू इंजिन सुधारत गेलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. १९०३ मध्ये व्होल्गा नदीवर वंदाल नावाचं तेलवाहू जहाज या इंजिनावर धावलं. १९१२ मध्ये सेलांडिया हे डॅनिश जहाज डिझेलवर कोपनहेगनहून बँकॉकला निघालं. ना चिमणी, ना कोळसा भरणारी माणसं.

म्हणजे यश मिळालं, पण भलत्याच ठिकाणी. छोट्या माणसासाठी म्हणून सुरू केलेलं इंजिन जहाज कंपन्यांचं, वीजघरांचं आणि नौदलांचं झालं. गाडीसाठी लहान इंजिन बनवायचे प्रयत्न त्याच्या हयातीतही झाले. पण कॉम्प्रेसर काढल्याशिवाय ते गाडीत मावणार नव्हतं.

२९ सप्टेंबर १९१३

इंजिनाच्या हिशोबात पक्का असलेला हा माणूस पैशाच्या हिशोबात मात्र कच्चा निघाला. म्युनिकमध्ये आलिशान बंगला बांधला. तेलाच्या विहिरी आणि जमिनींच्या व्यवहारात बराच पैसा गेला. त्यात तब्येत साथ देत नव्हती आणि या शोधात रुडॉल्फचं स्वतःचं असं फारसं काही नाही, असं लिहिणारे टीकाकारही होते.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो बेल्जियममधल्या अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. सोबतच्यांबरोबर जेवला, रात्री दहाच्या सुमारास आपल्या केबिनमध्ये गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी केबिन रिकामी. पलंगावर कुणी झोपलेलंच नव्हतं. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक मृतदेह दिसला. मृतदेह पुन्हा समुद्रात सोडण्यात आला, पण खिशातल्या वस्तू काढून ठेवल्या होत्या. त्या आपल्या वडिलांच्याच आहेत हे त्याचा मुलगा ऑयगेन याने ओळखलं.

निघण्याआधी रुडॉल्फने पत्नी मार्थाकडे एक बॅग देऊन ठेवली होती. तिच्यात २०,००० मार्क रोख आणि बँकेत जवळपास काहीच शिल्लक नसल्याचे कागद निघाले. त्याच्या डायरीत २९ सप्टेंबरच्या तारखेला एक फुली मारलेली होती. बहुतेक चरित्रकार याला आत्महत्या मानतात. घातपाताच्या गोष्टीही भरपूर फिरतात, पण त्यांना भक्कम पुरावा नाही. वय होतं ५५.

आणि मग पंप आला

पुढची गोष्ट श्टुटगार्टमधल्या रॉबर्ट बॉशच्या कंपनीत घडते. पेट्रोल इंजिनाला ठिणगी देणारी उपकरणं बनवून ही कंपनी मोठी झाली होती. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बॉशने ठरवलं की डिझेलसाठी इंजेक्शन पंप बनवायचा. १९२४ पर्यंत कॉम्प्रेसर नसलेल्या डिझेल इंजिनाचे पहिले ट्रक जर्मनीत दिसू लागले होते. बॉशचा पंप १९२७ च्या शेवटी कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडू लागला. रुडॉल्फ जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती.

या पंपाचं गुपित म्हणजे एक छोटा दांडा आणि त्याचं घर. दोघांमधली फट काही मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या कित्येक पट कमी. त्यामुळे तेल बाजूने निसटत नाही आणि हवेच्या झोताशिवाय हवा तेवढा दाब मिळतो. कॉम्प्रेसर गेला आणि इंजिन लहान झालं. १९३६ मध्ये मर्सिडीज २६० डी आणि हानोमागची कार आली, आणि डिझेल एकदाचं कारमध्ये पोचलं.

आपल्याकडे हा बदल शेतात दिसला. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवर डिझेल इंजिन ही महाराष्ट्राच्या खेड्यातली ओळखीची गोष्ट बनली. रुडॉल्फला जे छोट्या माणसाचं इंजिन हवं होतं, ते हेच.

मग लिफ्ट पंप कशाला?

विहिरीवरचं इंजिन आठवून बघा. त्याची डिझेलची टाकी बहुतेक वेळा इंजिनाच्या वर असते. तेल आपोआप खाली उतरतं. गाडीत उलटं असतं. टाकी मागे, खाली. इंजिन पुढे, वर. इंजेक्शन पंप ढकलण्यात पहिलवान आहे, पण ओढण्यात कच्चा. शिवाय त्याला हवा चालत नाही. पाइपात हवेचा बुडबुडा आला की दांडा तेलाऐवजी बुडबुडाच दाबत बसतो, दाब तयार होत नाही. डिझेल पूर्ण संपवलेल्या गाडीची नंतर एअर काढावी लागते ती यामुळेच.

म्हणून मध्ये एक मदतनीस लागतो. तो टाकीतून तेल उचलतो, फिल्टरमधून पुढे पाठवतो आणि मोठ्या पंपाच्या तोंडाशी कायम भरलेलं ठेवतो. हाच लिफ्ट पंप. गॅरेजमध्ये याच्या जुन्या मेकॅनिकल प्रकाराला फीड पंप किंवा एसी पंप म्हणतात.

कोणता प्रकार कशासाठी?

• मेकॅनिकल पंप: इंजिनावरच चालतो, वायरिंग नको, टिकाऊ. पण इंजिन फिरेपर्यंत तेल येत नाही. म्हणून एअर काढायला हाताने मारायचा छोटा पंप लागतो.

• टिकटिक करणारा इलेक्ट्रिक पंप: आत चुंबकाने पुढेमागे होणारा दांडा असतो. स्वस्त, करंट कमी खातो, बसवायला सोपा. दाब मात्र कमी, बहुधा अर्ध्या बारच्या आसपास. जनरेटर, ट्रॅक्टर, जुनी साधी इंजिनं यांना पुरतो.

• पाइपलाइनमध्ये बसणारा फिरता पंप: आत मोटर आणि रोलर किंवा पाती. तेल भरपूर, दाब काही बार. आवाज करतो. टाकीपासून जितका दूर आणि उंच बसवाल तितकं ओढणं अवघड होतं आणि तेलात बुडबुडे यायची शक्यता वाढते. म्हणून तो टाकीजवळ आणि खालीच बसवावा.

• टाकीतला पंप: तेलातच बुडालेला, त्यामुळे ओढायचा त्रास नाही, फक्त ढकलायचं. आवाज कमी. थंडही तेलामुळेच राहतो, म्हणून टाकी सतत रिझर्व्हवर चालवणं त्याला मानवत नाही. बदलायचा तर टाकी उघडावी लागते. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद गुंईई आवाज येत असेल, तर तुमच्या गाडीत हाच आहे.

विकत घेण्याआधी काय बघायचं?

जास्त प्रेशर म्हणजे चांगला पंप, हा समज आधी काढून टाका. जुन्या मेकॅनिकल इंजेक्शन पंपाला जास्त दाबाने तेल दिलं तर त्याच्या सीलवर ताण येतो, काही पंपांत टायमिंगही बिघडतं. आपल्या इंजिनाला किती बार लागतात ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा आणि त्याच रेंजचा पंप घ्या.

मग तासाला किती लिटर हे बघा, पण त्याच दाबाला किती हे विचारा. पुढे काहीच अडथळा नसताना मोजलेला आकडा मोठा दिसतो, कामाचा नसतो. इंजिन जेवढं जाळतं त्याहून बरंच जास्त तेल लागतं, कारण काही तेल पंप आणि नोझल थंड करून परत टाकीत जातं.

तिसरं, पंप डिझेलसाठीच बनलेला आहे ना, आणि व्होल्टेज १२ की २४. कॉमन रेल गाडी असेल तर आणखी एक खात्री करा. काही गाड्यांत तेल ओढायचं काम मोठ्या पंपाच्या आतलाच छोटा गिअर पंप करतो, वेगळा इलेक्ट्रिक पंप नसतोच. तिथे मनाने जादा पंप लावू नका.

आणि गाडी चढावर खेचत नसेल, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ घेत असेल, तर पंप बदलायच्या आधी फिल्टर आणि पाइपाचे जॉइंट तपासा. चोंदलेला फिल्टर आणि हवा खेचणारा ढिला क्लॅम्प यांची लक्षणं खराब पंपासारखीच असतात, आणि खर्च कितीतरी कमी.